उतीसाचें झाड आणि आमचे बांध

शेतांत झाड असावें कीं नसावें, हा प्रश्न आमच्या शेतकरीवर्गांत वारंवार निघतो, आणि बहुधा त्याचा निकाल झाडाच्या विरुद्ध लागतो. झाडाच्या सावलीनें पीक खुरटतें, मुळें ओल ओढून घेतात, फांद्यांवर पांखरें बसून कणसें खातात, आणि बांधावरील झाडावरून शेजाऱ्याशीं तंटा उभा राहतो, तें वेगळेंच. हे आक्षेप खोटे आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एवढ्यावरून झाड हें पिकाचें वैरीच होय, असा जो सरसकट सिद्धांत काढण्यांत येतो, तो आम्हांस मान्य नाहीं. झाड कोणतें, तें कोठें लावलें आणि तें कापण्याची रीत कोणती, या तीन गोष्टी पाहिल्यावांचून झाडाविषयीं बरें-वाईट मत देणें म्हणजे बैलाची जात, वय व काम न पाहतां ‘बैल फार खातो’ म्हणून तक्रार करण्यासारखें आहे.

यास्तव आज आम्ही वाचकांपुढें एका अशा झाडाची हकीकत ठेवीत आहों, कीं जें आपल्या प्रांतांत होत नाहीं, परंतु ज्याच्या जोरावर दूरच्या डोंगरांतील शेतकऱ्यांनीं उतरणीच्या जमिनी पिढ्यानुपिढ्या पिकत्या ठेविल्या आहेत. हें झाड म्हणजे हिमालयांतील आल्डर होय. नेपाळांत व कुमाऊंकडे त्यास उतीस म्हणतात. वनस्पतिशास्त्रांत त्याचें नांव आल्नस नेपालेन्सिस असें आहे, आणि तें भूर्जवृक्षाच्या कुळांत मोडतें. पश्चिम हिमालयापासून नेपाळ, सिक्कीम, भूतान, नागालँड, ब्रह्मदेश व चीनच्या युन्नान प्रांतापर्यंत त्याचा विस्तार आहे. साधारणपणें तीन हजार ते आठ हजार फूट उंचीवर, जेथें हवा थंड व दमट आणि पाऊस भरपूर, तेथें तें उत्तम वाढतें. चांगल्या जागीं त्याची उंची शंभर फुटांच्या घरांत जाते.

उतीसाचा पहिला गुण असा, कीं जेथें दुसरें कांहीं उगवण्यास धजत नाहीं, तेथें तें प्रथम येतें. पावसाळ्यांत दरड कोसळून डोंगराची कातडी सोलल्यासारखी होते, किंवा रस्ता काढतांना उघडा मुरूम वर येतो. अशा ठिकाणीं दोन-तीन वर्षांत उतीसाचीं रोपें दाट उभीं राहतात. त्याचें बीं अत्यंत बारीक व पातळ पंखाचें असतें. एका किलोग्रॅमांत कित्येक लक्ष दाणे भरतात. वाऱ्यानें तें दूरवर जातें, आणि उघड्या मातीवर ऊन व ओल मिळाली म्हणजे रुजतें. दाट गवतांत किंवा दुसऱ्या झाडांच्या सावलींत मात्र तें टिकत नाहीं. म्हणून वाफ्यांत पेरावयाचें झाल्यास बीं खोल न पुरतां पृष्ठभागींच विखरून वर अगदीं पातळ मातीचा थर द्यावा लागतो.

दुसरा गुण त्याहून मोठा आहे, आणि तो मुळाशीं आहे. उतीसाचें रोप उपटून पाहिलें तर त्याच्या मुळांवर पोंवळ्यासारख्या गुच्छांच्या गांठी दिसतात. हरभरा, तूर, ताग वगैरे द्विदल पिकांच्या मुळांवरील गांठी आमच्या वाचकांस माहीत आहेत. हवेचा सुमारें चार-पंचमांश भाग नत्रवायूचा असूनही वनस्पतींस तो परभारें घेतां येत नाहीं. त्या गांठींतील सूक्ष्म जंतु तो नत्र बांधून पिकास देतात, ही गोष्ट हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८६-८८ या काळांत सिद्ध केली. उतीस हें द्विदल कुळांतील नव्हे. तरीहि त्याच्या जातीच्या वृक्षांत हेंच कार्य चालतें. १८९६ सालीं हिल्टनर यानें गांठी असलेलीं आल्डरचीं रोपें नत्रहीन मातींत वाढवून दाखविलीं. मात्र येथील जंतु निराळा आहे. त्यास फ्रँकिया असें म्हणतात, आणि तो शुद्ध स्वरूपांत वेगळा काढून वाढविण्यास शास्त्रज्ञांस १९७८ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

या नत्राचा लाभ भोंवतालच्या जमिनीस कसा मिळतो, हेंही पाहण्यासारखें आहे. बहुतेक पानझडी झाडें पानें गाळण्यापूर्वीं त्यांतील बराचसा नत्र फांद्यांत परत ओढून घेतात; म्हणून गळलेलें पान पिंवळें व सत्त्वहीन असतें. आल्डरच्या जातीचीं झाडें या बाबतींत उदार आहेत. त्यांचीं पानें पुष्कळ अंशीं हिरवींच गळतात, आणि आपला नत्र जमिनीवर घेऊन येतात. असा पाला लवकर कुजतो. म्हणजे झाड दरवर्षीं आपल्या पायाशीं स्वतःच खताची एक पातळ गादी अंथरतें.

आतां या झाडाचा उपयोग शेतींत कसा केला गेला, त्याकडे वळूं. नागालँडची राजधानी कोहिमा हिच्या पश्चिमेस सुमारें वीस किलोमीटरांवर खोनोमा नांवाचें अंगामी नागांचें गांव आहे. १८७९-८० सालीं इंग्रजी फौजेशीं निकरानें झुंजलेलें म्हणून हें गांव इतिहासांत प्रसिद्ध आहे. शेतकऱ्यांत तें उतीसाच्या शेतीबद्दल प्रसिद्ध असावयास पाहिजे. त्या मुलुखांत झूम म्हणजे फिरती शेती चालते. रान तोडावें, जाळावें, राखेवर एक-दोन वर्षें पीक घ्यावें, आणि जमीन थकली म्हणजे ती सोडून दुसरीकडे जावें, ही झूमची सर्वसाधारण रीत. जोंवर माणसें थोडीं व रान विपुल होतें, तोंवर जमिनीस पुष्कळ वर्षांची विश्रांति मिळे व हिशेब जुळे. लोकसंख्या वाढली, विश्रांतीचीं वर्षें कमी झालीं, आणि ठिकठिकाणीं डोंगर उघडे पडूं लागले.

खोनोमाच्या शेतकऱ्यांनीं या अडचणींतून निराळी वाट काढिली. त्यांनीं रान तोडलें, परंतु उतीस तोडला नाहीं, तो छाटला. झाड सात-दहा वर्षांचें झालें म्हणजे हिंवाळ्यांत जमिनीपासून सुमारें सहा-सात फुटांवर त्याचें खोड कापतात. कापलेल्या तोंडावर चिखलाचा लेप देतात व वर एक सपाट दगड ठेवितात, म्हणजे तोंड उन्हानें उलत नाहीं आणि धुमारे बाजूनें जोमानें फुटतात. जाड लांकूड घरीं सरपण व बांधकामास नेतात; बारीक डहाळ्या व पाला शेतांत पसरून जाळतात आणि राख मातींत मिसळून मका, राळ्यासारखीं तृणधान्यें, बटाटे, मिरची, भोपळा, अळू इत्यादि पिकें लावितात. खुंटास फुटलेल्या अनेक धुमाऱ्यांपैकीं चार-पांच सरळ व जोमदार राखून बाकीचे काढून टाकतात. दोन वर्षें पिकें घेतल्यावर शेत दोन ते चार वर्षें पडीत ठेवितात. तेवढ्या अवधींत राखलेले धुमारे वाढून पुन्हां छाटण्याजोगे होतात, पाला गळून जमीन पुन्हां भरते, आणि फेरा नव्यानें सुरू होतो. असे खुंट पिढ्यानुपिढ्या जगतात; कित्येकांचें वय शंभराहून अधिक वर्षांचें सांगतात. आज्यानें छाटलेल्या खुंटावर नातू कुऱ्हाड चालवितो, आणि खुंट मरत नाहीं.

या रीतींत तीन गोष्टी आमच्या वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्याव्या. पहिली ही, कीं झाड व पीक एकमेकांचे वाटेकरी आहेत, पण एकाच वेळीं नव्हेत. पीक उभें असतां झाड छाटलेलें असतें, म्हणून सावली नाहीं. झाड वाढत असतां शेत पडीत असतें, म्हणून भांडण नाहीं. सावलीचा जो आक्षेप आरंभीं सांगितला, त्याचें उत्तर या वेळापत्रकांत आहे. दुसरी ही, कीं मूळ कधींही उपटलें जात नाहीं. वरचें खोड कापलें तरी मुळांचें जाळें उतरणीची माती धरून ठेवितें, आणि डोंगरावरील शेतीचा खरा शत्रु जें वाहून जाणारें पाणी, त्यास आळा बसतो. तिसरी गोष्ट हक्काची आहे. खोनोमा येथें शेतें व त्यांवरील झाडें कुटुंबांच्या व कुळांच्या मालकीचीं आहेत. ज्याचें झाड त्याचाच पाला व त्याचेंच लांकूड, ही खात्री असल्यामुळें दगड ठेवण्याचे व लेप देण्याचे कष्ट घेण्यास माणूस तयार होतो. ज्या झाडाचें फळ दुसऱ्यानें न्यावयाचें, त्यास कोणी पाणी घालीत नाहीं.

सरकारी अधिकारी फिरत्या शेतीकडे फार काळ केवळ नाशाचें कारण म्हणून पाहत आले. १९९० नंतरच्या दशकांत नागालँड सरकारनें कॅनडाच्या साहाय्यानें जी पर्यावरणरक्षण व आर्थिक विकासाची योजना चालविली, तिनें मात्र झूम बंद करण्याचा आग्रह न धरतां झूमच्या शेतांतच झाडें लावण्याचा मार्ग पत्करला, आणि शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीवर त्याचे प्रयोग केले. जी विद्या गांवांत होती तिच्यावरच पुढील इमारत उभारावी, हें धोरण आम्हांस योग्य वाटतें. गांवकऱ्यांस शिकविण्यापूर्वीं गांवकरी काय जाणतात तें पाहून घेणें, हें आमच्याकडील शेतकी खात्यानेंही विसरूं नये.

उतीसाचा दुसरा मोठा उपयोग सिक्कीम, दार्जिलिंग व पूर्व नेपाळ येथें मोठ्या वेलचीच्या बागांत होतो. आपण मसाल्यांत जी काळपट मसाल्याची वेलची वापरतों, ती हीच. तिला ओल, गारवा व विरळ सावली लागते. तेथील शेतकरी ओढ्याकाठच्या उतारावर उतीसाच्या छायेखालीं तिची लागवड करितात. झाड सावली देतें, पाल्यानें जमीन पोसतें, आणि वेलचीचीं बोंडें भट्टींत वाळविण्यास जें पुष्कळ सरपण लागतें, तेंही त्याच बागेच्या विरळणींतून निघतें. एका झाडाकडून तिहेरी काम करून घेण्याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

परंतु येथेंही एक मर्यादा आहे, आणि ती सांगितल्यावांचून पुढें जाणें बरोबर होणार नाहीं. सिक्कीममधील अभ्यासकांनीं निरनिराळ्या वयांच्या बागांची तुलना करून असें दाखविलें आहे, कीं उतीस व वेलची यांची जोडी पंधरा-वीस वर्षांपर्यंत उत्तम चालते. पुढें झाडाची नत्र बांधण्याची शक्ति मंदावते आणि वेलचीचें उत्पन्नही उतरतें. तेव्हां जुन्या झाडांच्या जागीं नवीं लावणें, हा त्या बागेच्या धंद्याचाच एक भाग आहे. शिवाय झाड कितीही चांगलें असलें तरी तें रोगावर औषध नव्हे. चिरके व फुरके या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या विषाणुरोगांनीं त्या मुलुखांतील वेलचीच्या बागांचें फार नुकसान केलें आहे, आणि उतीसाची सावली त्यांस अडवूं शकली नाहीं. तसेंच, झाड हवेंतून नत्र आणतें हें खरें; पण स्फुरद किंवा चुना हवेंतून येत नाहीं. जमिनींत स्फुरद अगदींच कमी असेल तर गांठींचें कामही मंदावतें. फुकटचें खत म्हणून कोणी झाडावर सर्वस्वी विसंबूं नये.

लांकडाविषयींही अवास्तव कल्पना नको. उतीसाचें लांकूड मऊ, हलकें व लवकर वाळणारें आहे. पेट्या, खोकीं, हलकें सामान, कोळसा व सरपण यांस तें चांगलें. परंतु उघड्या हवेंत पावसापाण्यांत तें टिकत नाहीं. युरोपांतील आल्डरचें लांकूड सतत पाण्याखालीं राहिल्यास मात्र फार टिकतें, आणि व्हेनिस शहराच्या पायांतील खुंटांत त्याचा उपयोग झालेला आहे. पाला जनावरें आवडीनें खात नाहींत. गोठ्यांत अंथरण्यास व खतास तो चालतो. थोडक्यांत, हें झाड सागाची जागा घेणारें नव्हे. जमिनीची चाकरी करणारें आहे.

ही हकीकत वाचून आमच्या एखाद्या उत्साही वाचकाच्या मनांत उतीसाचीं रोपें मागवावीं असें आलें असेल, तर त्यांस आम्ही स्पष्ट सांगतों, कीं तसें करूं नये. सह्याद्रीवर पाऊस पडतो तो चार महिने. उरलेले आठ महिने जमीन कोरडी पडत जाते. देशावरील काळ्या जमिनींत व उन्हाळ्याच्या तापांत तर या झाडाचा निभाव लागण्याची आशाच नको. आणि जेथें परकें झाड फारच मानवतें, तेथें निराळें संकट उभें राहतें. हवाई बेटांत वनीकरणासाठीं नेलेला हाच उतीस आज तेथील मूळ रानांत घुसणारा उपद्रवी वृक्ष म्हणून गणला जातो.

लवकर वाढणाऱ्या झाडांच्या मागें डोळे मिटून धांवण्याचा अनुभव आपल्यासही आहे. १९८० नंतर निलगिरीच्या लागवडीची लाट आली. उत्तर भारतांत शेंकडों शेतकऱ्यांनीं चांगल्या जमिनी तिच्याखालीं घातल्या. सर्वांचें लांकूड एकदम बाजारांत आलें आणि दर कोसळले. सुबाभळीचा गौरव त्याच सुमारास झाला. झाड खरोखर गुणी, मुळांवर गांठी असलेलें व चाऱ्याचें. परंतु १९८८ च्या सुमारास तिच्यावरील परदेशी कीड आपल्या देशांत पोंचली व कोंवळे शेंडे खाऊन तिनें पुष्कळांचा विरस केला. दोष झाडाचा नव्हता. सर्व भार एकाच झाडावर टाकण्याचा होता.

मग उतीसाच्या कथेंतून आम्हीं घ्यावयाचें काय? आमचें उत्तर असें, कीं झाड घेऊं नये, रीत घ्यावी. आणि ही रीत आम्हांस अगदींच परकी नाहीं. कोंकणांत भाताच्या राबासाठीं ऐन-किंजळीचे टहाळ तोडून, त्यांवर पालापाचोळा, गवत, शेण व माती यांचे थर देऊन, उन्हाळ्यांत भाजण्याची चाल जुनी आहे. या चालीवर इंग्रजी अमदानींत मोठा वाद माजला. ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतील जंगलाच्या तक्रारींसाठीं १८८५ सालीं मुंबई सरकारास कमिशन नेमावें लागलें. पुढें पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. मान व त्यांचे सहकारी यांनीं राबाचा शास्त्रीय अभ्यास केला, आणि भाजण्याच्या उष्णतेनें मातींतच उपयुक्त फरक होतो, असें दाखविलें. शेतकऱ्याची चाल केवळ अडाणीपणाची नव्हती, हें त्यामुळें सिद्ध झालें. परंतु राबांत व खोनोमाच्या रीतींत एक अंतर आहे. ऐन मुळाशीं नत्र बांधीत नाहीं. तो जें देतो, तें एका जागचें काढून दुसऱ्या जागीं दिलेलें असतें. आणि टहाळ दरवर्षीं ओरबाडूं लागलें, म्हणजे झाड उभें असूनही वाळत जातें. खोनोमाचा शेतकरी आपल्या झाडास विश्रांति देतो. आम्ही ती देण्यास विसरलों, हें आमच्या कित्येक बोडक्या माळांकडे व वरकस जमिनींकडे पाहून कबूल करावें लागतें.

उतीसाचें काम करणारीं झाडें आमच्या हवेंत आहेत. कोंकणकिनाऱ्यावर ज्याचीं बनें आपण पाहतों, तें सुरूचें झाड उतीसाचें दूरचें भाऊबंदच समजावें. कुळ निराळें असलें तरी त्याच्याही मुळांत फ्रँकियाच वस्ती करितो, आणि म्हणूनच निव्वळ वाळूंत तें तग धरतें. तेंही मूळचें बाहेरचें. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर कारवारकडे १८६८ च्या सुमारास त्याची लागवड सुरू झाली. बांधांसाठीं याहून सोईचीं झाडें म्हणजे गिरिपुष्प, शेवरी, हादगा व पांगारा. शेवरी, हादगा व पांगारा हीं पानमळ्यांत वेलाच्या आधारासाठीं आमच्या पूर्वजांनीं लाविलीं, तेव्हां त्यांस जंतुशास्त्र माहीत नव्हतें. परंतु वेल त्यांवर चांगला पोसतो, हें माहीत होतें. गिरिपुष्प मध्य अमेरिकेंतून आलेलें असलें तरी आतां आपल्याकडे रुळलें आहे. तें बियांनीं होतें आणि जाड फांद्या रोवूनही होतें, वारंवार छाटलें तरी फुटतें, आणि जनावरें त्याकडे फारशीं वळत नसल्यामुळें बांधावर राखण सोपी जाते.

त्याचा हिशेब करून पाहूं. गिरिपुष्पाच्या सुक्या पाल्यांत शेंकडा अडीचच्या आसपास नत्र असतो. बांधावरील झाडांपासून वर्षभरांतील छाटण्या मिळून एक हजार किलोग्रॅम सुका पाला शेतांत पडला, तर सुमारें पंचवीस किलोग्रॅम नत्र जमिनींत आला. युरियांत शेंकडा सेहेचाळीस नत्र असतो. त्या मापानें हा नत्र चौपन्न किलोग्रॅम युरियाइतका भरतो. पाल्यांतील सर्व नत्र पहिल्याच वर्षीं पिकास लागत नाहीं, हें खरें. पण जो मागें राहतो, तो मातीच्या सेंद्रिय अंशांत राहतो. युरिया मातींत हा अंश भरीत नाहीं. काळी जमीन घट्ट होत चालली, ओल धरीत नाहीं, अशी जी तक्रार आज गांवोगांव ऐकूं येते, तिचें एक कारण हा अंश कमी होणें हेंच आहे.

जळणाचा प्रश्नही याशीं निगडित आहे. १८८९ सालीं विलायतेहून आलेल्या डॉ. व्होएल्कर यांनीं आपल्या देशाच्या शेतीची पाहणी करून १८९३ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत त्यांनीं एक गोष्ट आग्रहानें सांगितली: शेतकरी शेण जाळतो तें अज्ञानामुळें नव्हे, तर लांकूड मिळत नाहीं म्हणून, तेव्हां सरपण व चारा यांसाठीं गांवांजवळ राखीव रानें वाढवावीं. या गोष्टीस शंभराहून अधिक वर्षें लोटलीं. आज कित्येक घरीं गॅस आला आहे, तरी गोवऱ्या थापणें सर्वत्र थांबलेलें नाहीं. बांधावरील छाटणीचें सरपण घरांत आलें, तर तेवढें शेण खड्ड्यांत जाईल. म्हणजे एका झाडापासून पाला एकदां व शेण दुसऱ्यांदा, असें दुहेरी खत शेतास मिळेल.

येथें वाचक विचारतील, कीं हें सर्व कबूल, पण मजूर कोठें आहेत? छाटणी करावयाची, पाला पसरावयाचा, सरपण वाहावयाचें, यास माणसें लागतात. हा आक्षेप आम्ही हलका समजत नाहीं. म्हणूनच आमची सूचना एकदम सर्व बांधांची नाहीं. प्रथम उतरणीच्या शेतांतील, पाण्याच्या आडव्या दिशेचा एकच बांध निवडावा. पावसाळ्याच्या आरंभीं त्यावर गिरिपुष्प किंवा शेवरी दाट लावावी. पूर्व-पश्चिम बांध मिळाला तर उत्तम. सावली कमी पडते. झाडें पुरतीं रुजून खोड जोमदार होईपर्यंत कोयता लावूं नये. नंतर कमरेइतक्या उंचीवर छाटावें, व पेरणीच्या आधीं एक आणि पीक वाढत असतां एक, अशा छाटण्या घेऊन पाला तेथेंच शेतांत टाकावा. पिकाच्या भरांत झाड कधींही पूर्ण वाढलेलें असूं नये. आणि वर्षांतून एक हंगाम तरी झाडास विश्रांति असावी. लागवड एकाच जातीची न करितां दोन-तीन जातींची मिश्र करावी, म्हणजे एका किडीनें सर्व बुडणार नाहीं. घोडीं असतील त्यांनीं गिरिपुष्पाचा पाला त्यांस घालूं नये. तो त्यांस विषारी आहे.

शेजाऱ्याच्या तंट्याविषयीं आम्हांस एवढेंच म्हणावयाचें आहे, कीं सामाईक बांधावरील लागवड दोघांनीं मिळून व लेखी ठरावानें करावी. खोनोमाची गोष्ट आम्हांस हेंच शिकविते, कीं झाड कोणाचें हें ठरल्यावांचून झाड जगत नाहीं. या बाबतींत सरकारासही दोन शब्द सांगणें अवश्य आहे. १९६४ च्या कायद्यानें अनुसूचींतील झाडें आपल्या शेतांतील असलीं तरी तोडण्यास अनुज्ञा लागते. रानांचें रक्षण व्हावें हा हेतु चांगला आहे, आणि तो आम्हांसही प्रिय आहे. परंतु उद्यां कागदोपत्रीं अडकावें लागेल या भीतीनें शेतकरी आज झाड लावण्याचेंच टाळूं लागला, तर कायद्याचा हेतु कायद्यानेंच हाणून पाडल्यासारखें होईल. स्वतः लाविलेल्या झाडाची नियमित छाटणी ही तोड नव्हे, ही गोष्ट प्रत्येक गांवच्या चावडींत व प्रत्येक वनरक्षकाच्या ध्यानांत पक्की बसली पाहिजे.

शेतकी सोसायट्यांचें काम याहून सोपें आहे. खत व बियाणें यांच्या जोडीला गिरिपुष्प-शेवरीचें बीं ठेवणें, रोपांचा एक लहान वाफा चालविणें, आणि ज्या सभासदाच्या बांधावर छाटणीची झाडें तीन वर्षें नीट राखलेलीं आहेत, तें शेत इतरांस दाखविणें, एवढें तरी प्रत्येक सोसायटीस करितां येईल. शेतकरी व्याख्यानानें हलत नाहीं. शेजाऱ्याच्या बांधानें हलतो.

गेल्या पिढींत यंत्रें आलीं, नांगरट सोपी झाली, आणि त्या सोईसाठीं आम्हीं बांधांवरील झाडें मुळासकट काढलीं. कांहीं हात अधिक जमीन नांगराखालीं आली. तिच्या मोबदल्यांत पहिल्या मोठ्या पावसांत किती माती ओढ्यानें गेली, याचा हिशेब कोणी ठेविला नाहीं. बोटभर जाडीची माती तयार होण्यास शेंकडों वर्षें लागतात, आणि ती वाहून जाण्यास एक वळवाचा पाऊस पुरतो. जमीन ही बँकेंतील ठेव आहे असें आपण म्हणतों; पण व्याजाबरोबर मुद्दल उचलणाऱ्या माणसास आपण गृहस्थीचा म्हणत नाहीं.

खोनोमाच्या शेतकऱ्याजवळ काळी जमीन नाहीं, धरणाचें पाणी नाहीं, सपाट रानही नाहीं. त्याजवळ कडेलोटाचा उतार आहे, आणि त्या उतारावर त्यानें खुंट राखले आहेत. आमच्या जमिनी त्याच्याहून चांगल्या असतांना आमचे बांध त्याच्याहून बोडके असावेत, ही गोष्ट आम्हांस शोभत नाहीं. येत्या मृगापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या शेताचा एक तरी बांध या कामासाठीं नेमून ठेवावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.